छापील ग्रंथ, अंकीय ग्रंथ आणि अभ्यासकाची पसंती

विद्यापीठीय ग्रंथालयांच्या चर्चेत गेली पंचवीस वर्षे एक प्रश्न वारंवार विचारला जात आहे : अध्यापक आणि संशोधक यांना छापील ग्रंथ अधिक रुचतो की पडद्यावरील? या प्रश्नाचे उत्तर टक्केवारीत मिळते आणि टक्केवारी अंदाजपत्रकाच्या रकान्यात बिनतक्रार बसते. प्रश्न टिकून राहण्याचे हेही एक कारण असावे. मराठी भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासकाला तो लावून पाहिला असता मात्र त्याच्या मांडणीतच एक उणीव आढळते. ती कोणती, हे समजण्यासाठी ज्या सर्वेक्षणांतून हा प्रश्न रूढ झाला त्यांचा प्रथम विचार करणे प्राप्त आहे.

अमेरिकेतील इथाका या संस्थेने इ. स. २००० पासून सामान्यतः दर तीन वर्षांनी तेथील अध्यापकवर्गाची पाहणी केली. तिच्या पुढील काळातील प्रश्नावल्यांनी एक महत्त्वाची सुधारणा केली. ‘काय आवडते’ एवढेच न विचारता कोणत्या कामासाठी काय सोयीचे वाटते, हे त्यांनी विचारले. एखादा ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत बारकाईने वाचणे, त्यातील एखादेच प्रकरण वाचणे, विशिष्ट विषयाचा उल्लेख हुडकणे, संदर्भसूचीचा माग काढणे, अशी कामे वेगवेगळी मांडली गेली. उत्तरेही त्याप्रमाणे विभागली. सलग आणि सखोल वाचनासाठी छापील प्रत, हुडकण्यासाठी व संदर्भांचा माग काढण्यासाठी अंकीय प्रत, असा कौल मिळाला. मानव्यविद्यांच्या अध्यापकांत छापील प्रतीकडे ओढा विशेष दिसला. विद्यार्थ्यांच्या बाबतीत डायान मिझराची आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी सर्वांत विस्तृत म्हणता येईल. तीत २१ देशांतील १०,२९३ विद्यार्थी होते आणि त्यांपैकी सुमारे ७८ टक्क्यांनी अभ्यासाच्या वाचनासाठी छापील मजकूर पसंत केला. भाषाशास्त्रज्ञ नेओमी बॅरन यांनी अमेरिका, जपान, जर्मनी, स्लोव्हाकिया आणि भारत या पाच देशांतील चारशेहून अधिक विद्यार्थ्यांना चित्त कशावर एकाग्र होते असे विचारले, तेव्हा ९२ टक्क्यांनी छापील पानाचे नाव घेतले.

या पाहण्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ‘नवी पिढी पडद्यावरच वाचते’ या सैल विधानाला त्यांनी चांगलाच शह दिला. तथापि त्या सर्वांच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते इतके स्वाभाविक वाटते की ते गृहीत आहे हेच ध्यानात येत नाही. छापील प्रत आणि अंकीय प्रत ही एकाच ग्रंथाची दोन रूपे आहेत, मजकूर तोच, वेष तेवढा निराळा, असे येथे धरून चालले आहे. लंडन किंवा न्यूयॉर्क येथे आज प्रसिद्ध होणाऱ्या इंग्रजी प्रबंधग्रंथाबाबत हे खरेही आहे. संगणकावर जुळविलेल्या एकाच मजकुरातून त्याची छपाई होते आणि पडद्यावरील आवृत्तीही निघते. अशा ठिकाणी निवड केवळ सोयीची, डोळ्यांची, फार तर सवयीची राहते. क्रिस रस्ब्रिज यांनी १९९८ मध्ये ब्रिटिश ग्रंथालयांच्या अनुभवावरून ‘संमिश्र ग्रंथालय’ ही कल्पना विस्ताराने मांडली, तेव्हा दोन्ही प्रकारची सामग्री एकाच व्यवस्थेत वाचकाच्या हाती कशी द्यावी, ही मुख्य चिंता होती. त्या दोन प्रकारच्या सामग्रीची साक्ष एकच आहे की वेगळी, हा प्रश्न तेथे गौण होता.

मराठीत तो गौण राहू शकत नाही. येथील अभ्यासकासमोर येणारी अंकीय प्रत ही बहुधा जुन्या छापील ग्रंथावरून मागाहून केलेली असते, आणि ती करताना मूळ ग्रंथातील काही राहते, काही जाते, काही नवेच येते.

कोशांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची. १८५७ च्या सुधारून वाढविलेल्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आले. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. पुरवणी १९५० मध्ये आली. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात अंकीय रूपाने कोणालाही विनामूल्य पाहावयास मिळतात. मराठीच्या अभ्यासकावर या कामाचे ऋण मोठे आहे, हे निःसंकोच म्हटले पाहिजे. तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयातील अध्यापकाला महाराष्ट्र शब्दकोशाचे सर्व विभाग एकत्र मिळणे ही पूर्वी भाग्याची गोष्ट होती. शिवाय अंकीय कोश असे एक काम करतो की जे छापील कोशाला अशक्यच होते. मोल्सवर्थने शब्दांपुढे संस्कृत, फार्सी, अरबी, हिंदुस्थानी अशी मुळे दर्शविणारी अक्षरे घातली आहेत. छापील कोशात ती माहिती वर्णानुक्रमाखाली विखुरलेली होती. अंकीय कोशात व्याख्येच्या मजकुरातही शोध घेता येत असल्याने कोश उलट्या बाजूने वाचता येतो. शेतीचा, नौकानयनाचा किंवा वजनमापाचा शब्दसंग्रह इंग्रजी अर्थावरून गोळा करावयाचा असेल, तर पूर्वी ज्याला कित्येक महिने लागत ते काम आता काही दिवसांचे झाले आहे.

परंतु कोश उघडण्याची एक दुसरीही रीत आहे. ‘पाणवठा’ हा शब्द पाहण्यासाठी छापील कोशाचे पान उघडले की डोळ्यांसमोर पाणक्या, पाणपोई, पाणबुडी, पाणलोट ही सारी मंडळी आपोआप येतात. ‘पाणी’ हे नाम समासात ‘पाण’ असे रूप घेते, हा नियम कोणी न सांगता त्या पानावर मांडलेला असतो. पाहणाऱ्याने तो केवळ उचलावयाचा. शोधपेटीत ‘पाणवठा’ टंकित केले तर ‘पाणवठा’ येतो. पृष्ठवार पाहण्याची सोय अंकीय कोशातही ठेवलेली आहे, पण ती वापरावयाची तर काहीतरी शेजारी असेल अशी शंका आधी मनात यावी लागते. आणि ही शंका ज्याने छापील कोश चाळला आहे त्यालाच येते. जुन्या पिढीतील अभ्यासक छापील कोशाविषयी आग्रह धरतात तेव्हा त्यांच्यावर भावुकतेचा आरोप होतो. तो बव्हंशी अन्यायाचा आहे. शेजारच्या नोंदीवर अवचित पडणारी नजर ही त्यांच्या अभ्यासपद्धतीचाच एक भाग असते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट होईल. शोध घेण्याची सोय ही पडद्याचीच देणगी आहे असे मानण्याकडे अलीकडे कल दिसतो. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक महाकोशाचे काम सुरू झाले, त्यासाठी सुमारे एक कोटी कागदी पत्रिका तयार करण्यात आल्या. शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी मुद्रित ग्रंथांचा ठाव दोन खंडांत देते. ही शोधाचीच साधने होत. फरक एवढाच की, प्रत्येक पत्रिकेमागे एका वाचणाऱ्या माणसाचा निर्णय होता : हा शब्द येथे या अर्थी आला आहे. यंत्राचा शोध असा निर्णय करीत नाही. तो अक्षरांची जुळणी करतो आणि निर्णय वापरणाऱ्यावर सोडतो. वापरणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर निर्णय कोणीच करीत नाही.

याचा प्रत्यय जुन्या मराठी गद्याच्या बाबतीत फार लवकर येतो. ‘अंकीय’ या एका विशेषणाखाली वस्तुतः तीन निराळ्या गोष्टी वावरतात. पहिली, पानाची प्रतिमा. ती पाहता येते, तिच्यात शोध घेता येत नाही. दुसरी, माणसाने पुन्हा टंकित केलेला मजकूर. तिसरी, प्रतिमेवरून यंत्राने वाचून काढलेला मजकूर, जो पुष्कळदा प्रतिमेच्या पाठीमागे दडलेला असतो आणि ज्यात शोध चालतो, पण जो वाचकाला दिसत नाही. सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत या तिन्हींना एकच चौकट असते. ज्याने प्रतिमा पाहिली आणि ज्याने यंत्रवाचित मजकुरात शोध घेतला, ते दोघेही ‘अंकीय’ म्हणूनच मोजले जातात.

आता १९६२ मध्ये मान्य झालेले मराठी शुद्धलेखनाचे नियम ध्यानात घ्यावेत. त्यांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत सामान्यतः ‘कांहीं’, ‘नांव’, ‘त्यानें’, ‘मुळें’ अशी रूपे आढळतात. आजच्या लेखनाप्रमाणे ‘काही’ हा शब्द घेऊन एकोणिसाव्या शतकातील ग्रंथसंग्रहात शोध घेतला तर उत्तर शून्य किंवा जवळजवळ शून्य येईल. ही चूक ढोबळ असल्यामुळे ती पकडली जाते. धोका त्याहून सूक्ष्म ठिकाणी आहे. आजच्या लेखनात ‘घरात’ हे एकवचन आणि ‘घरांत’ हे अनेकवचन. जुन्या लेखनात ‘घरांत’ हे दोन्हींसाठी चालत असे, कारण एकवचनातही सप्तमीच्या ‘त’पूर्वी अनुस्वार दिला जाई. ‘त्यांत’ म्हणजे ‘त्यामध्ये’ की ‘त्या अनेकांमध्ये’, हे वाक्यावरूनच ठरते. यंत्राला ‘-ांत’ अशी अखेर असलेली रूपे मोजावयास सांगून त्यांवरून अनेकवचनी सप्तमीची वारंवारता काढली, तर कोष्टक नीटनेटके येईल, आलेखही काढता येईल, आणि निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा असेल. परीक्षकाला तो खटकेलच असे नाही; संख्या पाहिली की शंका घेण्याची वृत्ती मंदावते.

देवनागरीचा संगणकीय संकेत ही आणखी एक अडचण. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट जागा, हा भेद मराठी लेखनात रफार आणि अर्धा र यांनी दाखविला जातो. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी साठविता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शोध घेताना मात्र एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शब्दाशी जुळेलच याची शाश्वती नसते. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच दोन रूपे साठवणीत आढळतात, कारण त्याला स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला. यंत्रवाचनात तर घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल नेहमीचीच, आणि शिळाप्रेसवर छापलेल्या पुस्तकांपुढे यंत्र पुष्कळदा हात टेकते. रफाराचा घोटाळा झाला म्हणजे ‘आचाऱ्यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचार्यांना’ पोचते. यात कोणाचे नुकसान झाले, हे पंक्तीला बसलेल्यांनी ठरवावे. कोशकाराचे मात्र निश्चित होते.

यावरून छापील प्रत तेवढी विश्वसनीय, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल, आणि छापील ग्रंथाचे पुरस्कर्ते नेमकी हीच घाई करतात. १९६२ नंतर पुनर्मुद्रित झालेल्या जुन्या मराठी ग्रंथांपैकी अनेकांचे लेखन संपादकांनी किंवा मुद्रितशोधकांनी नव्या नियमांप्रमाणे बदललेले असते, आणि तसे केल्याची नोंद प्रस्तावनेत असतेच असे नाही. असा ग्रंथ कागदावर आहे, कापडी बांधणीत आहे, कपाटात आहे. पण अनुस्वारांच्या इतिहासासाठी तो निरुपयोगी आहे. उलट, पहिल्या आवृत्तीच्या पानाची पडद्यावरील प्रतिमा येथे कितीतरी अधिक प्रामाणिक साक्षीदार ठरते. म्हणजे ‘छापील’ या चौकटीतही दोन भिन्न वस्तू एकत्र आल्या आहेत. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे उदाहरण याच जातीचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. क्योटोचे मुनेओ तोकुनागा यांनी तिची संहिता संगणकात भरली आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती शोधून शुद्ध केली. आज जगभर शोधासाठी जी वापरली जाते ती ही संहिता. परंतु चिकित्सित आवृत्तीचे चिकित्सितपण ज्यात आहे ते पानाच्या तळाशी असलेले हस्तलिखितांतील पाठभेद पाहावयाचे तर छापील खंडाकडे, निदान त्याच्या प्रतिमेकडे, वळावेच लागते. जो केवळ यंत्रवाच्य संहितेवर विसंबतो, त्याच्यापुढे संपादकांचा निर्णय असतो, निर्णयाचा आधार नसतो.

ग्रंथांच्या नोंदींविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री ननबर्ग यांनी २००९ मध्ये गूगलच्या ग्रंथसंग्रहातील चुकीच्या प्रकाशनवर्षांवर कठोर टीका केली. १८९९ हे साल अशा कित्येक ग्रंथांना लागले होते की ज्यांचे लेखक त्या वेळी जन्मलेही नव्हते. शब्दाचा प्रथम प्रयोग केव्हा झाला हे ज्याला ठरवावयाचे आहे, त्याच्या दृष्टीने ही चूक क्षुल्लक नाही. मराठीत तिला आणखी एक वाट आहे. जुन्या मुखपृष्ठांवर पुष्कळदा केवळ शक दिलेला असतो. शके १७८९ म्हणजे इ. स. १८६७, तो आकडा इसवी सन समजून नोंदला गेला की ग्रंथ ७८ वर्षांनी मागे सरकतो, आणि त्यातील शब्दही त्याच्याबरोबर सरकतात. मुखपृष्ठ पाहिल्याखेरीज हे उमगत नाही. प्रतिमा पाहिली तरी चालेल. पण पाहिली पाहिजे.

एवढे विवेचन ध्यानात घेतले म्हणजे अध्यापकांच्या पसंतीविषयीची आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. पडद्यावर वाचावे आणि टिपेत छापील आवृत्तीचा हवाला द्यावा, ही रीत आता सर्वपरिचित आहे. ती लबाडीने अवलंबिली जाते असे नाही. छापील ग्रंथाचा हवाला अधिक भारदस्त दिसतो आणि पृष्ठांकही तयार मिळतात. परंतु तिच्यामुळे दोन गोष्टी बिघडतात. टिपांवरून ग्रंथालयाचा वापर मोजणाऱ्याला छापील ग्रंथ आहे त्याहून अधिक वापरात असल्याचा भास होतो, ही पहिली आणि तुलनेने किरकोळ. दुसरी अशी की, संशोधकाने प्रत्यक्ष काय पाहिले याचा मागमूस उरत नाही. त्याने १८५७ चा मोल्सवर्थ पाहिला, १९७५ मध्ये पुण्यात निघालेले पुनर्मुद्रण पाहिले, की शिकागोच्या संग्रहातील टंकित नोंद पाहिली, हे टिपेवरून कळत नाही. पुढील अभ्यासकाला निष्कर्ष तपासावयाचा झाला तर तो निराळ्याच वस्तूशी ताडून पाहील. आवृत्तीचे साल लिहिण्याची शिस्त मराठी विभागांनी कष्टाने रुजविली. प्रतीचा प्रकार लिहिण्याची शिस्त, म्हणजे प्रतिमा, टंकित मजकूर की यंत्रवाचित मजकूर, अद्याप रुजलेली नाही. प्रबंधाच्या साधनविचारात त्यासाठी एक परिच्छेद पुरेल.

ग्रंथालयांच्या धोरणाचा प्रश्न येथूनच उपस्थित होतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना अंकीय रूपात खुली करून देण्याची ही योजना आहे. विज्ञान आणि वैद्यक यांच्या अभ्यासकांना तिचा लाभ मोठा आहे, आणि भाषाशास्त्राच्या अभ्यासकालाही परदेशी नियतकालिकांसाठी पूर्वी करावी लागणारी याचना तीमुळे पुष्कळ कमी व्हावी. परंतु ही नियतकालिके जन्मतःच अंकीय आहेत; त्यांच्यापुरते ‘मजकूर तोच, वेष निराळा’ हे गृहीत खरे ठरते. त्यांच्या अनुभवावरून बनलेले मत १८६७ मध्ये सुरू झालेल्या विविधज्ञानविस्ताराच्या अंकांना लावता येणार नाही. पसंतीच्या पाहणीत ‘अंकीय’ला बहुमत मिळाले म्हणून छापील अंक आवरते घ्यावे, असा विचार जेथे प्रबळ होतो तेथे नियतकालिकांचा आणि वृत्तपत्रांचा बळी प्रथम जातो; ती जागा फार अडवितात, त्यांचा कागद आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो आणि त्यांना मागणी थोडी असते. अमेरिकेतील ग्रंथालयांनी सूक्ष्मपटावर प्रतिमा घेऊन वृत्तपत्रांच्या मूळ संचिका काढून टाकल्या, त्याची हकीकत निकोल्सन बेकर यांनी २००१ मध्ये सविस्तर लिहिली. तेथे मागाहून असे आढळले की, सूक्ष्मपटावरील काही पाने अस्पष्ट होती, काही सुटलीच होती, आणि ताडून पाहण्यासाठी मूळ उरले नव्हते.

मराठी नियतकालिकांच्या जुन्या संचिकांचे पूर्ण संच फार थोड्या ठिकाणी आहेत. पुष्कळ ठिकाणी जे आहे ते तुटक : एखाद्या वर्षाचे चार अंक येथे, तीन तेथे, जाहिरातींची पाने बांधणीच्या वेळी काढून टाकलेली. भाषाभ्यासकाला त्या जाहिराती हव्या असतात, कारण औषधे, शिलाईयंत्रे आणि सायकली यांची मराठी नावे प्रथम तेथेच आली. बांधणीकाराला त्या नको होत्या. ज्या प्रतीत त्या शिल्लक आहेत तिची प्रतिमा घेणे, प्रतिमेवर ती कोणत्या ग्रंथालयातील कोणत्या प्रतीवरून घेतली हे नोंदविणे, मजकूर यंत्राने वाचला की माणसाने टंकिला हे सांगणे, आणि मूळ प्रत जागेवर ठेवणे, ही चारही कामे एकाच ग्रंथपालाच्या टेबलावर येतात. अध्यापकांना छापील आवडते की अंकीय, याची टक्केवारी त्याच्या हाती दिली तर त्या चारांपैकी कोणत्याही कामाला तिचा उपयोग होत नाही. कोणत्या अभ्यासाला कोणती प्रत लागते, हे त्याला विभागांनीच कळवावे लागेल. आणि ते कळवावयाचे तर ज्या मजकुरात आपण शोध घेतो तो कोठून आला, हे विभागांना आधी ठाऊक असावे लागेल.